विश्लेषण : वीस गुंठ्यांची अट, भावांच्या वाटण्या आणि वावरातले दुसरे घर

‘तुकडेबंदी उठली, आता एक गुंठाही घेता येतो’ असे संदेश जुलै २०२५ पासून व्हॉट्सॲपवर फिरत आहेत. बुलढाण्यासारख्या शेतीवर चालणाऱ्या जिल्ह्यात त्याचा अर्थ सोयीने लावला जातो. दोन भावांना वाटते, आता दहा-पंधरा गुंठ्यांचे वाटे पाडून वेगवेगळे सातबारे करता येतील. रस्त्याकडेच्या वावराच्या मालकाला वाटते, कडेची दोन गुंठे तोडून विकली तरी आता कोणी अडवणार नाही. यातले बरेचसे चुकीचे आहे. सवलत दिली आहे ती वस्तीच्या जमिनींना. सोयाबीन, कपाशी, तूर पिकणारे वावर अजूनही तुकडेबंदीतच आहे.

यात आणखी एक गल्लत होते. कुटुंब वाढले, धाकट्याचे लग्न झाले, दुसरे घर हवे म्हणून आधी जमीन तोडायची, असा क्रम गावात गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात जमीन तोडणे आणि जमिनीवर घर बांधणे या दोन गोष्टींचे कायदे वेगळे, कार्यालये वेगळी आणि मर्यादाही वेगळ्या आहेत. काही वेळा तर जमीन तोडल्यामुळेच घराची वाट बंद होते.

तुकडेबंदी नेमकी कुठे उठली?

महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जुलै २०२५ मध्ये विधानसभेत घोषणा केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यासंबंधी अध्यादेश निघाला. महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींची हद्द, विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक अशा अकृषिक वापरासाठी दाखवलेले क्षेत्र आणि वस्तीलगतचा परीघ, एवढ्यापुरता त्याचा आवाका आहे. अशा क्षेत्रात १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात तुकडेबंदीविरुद्ध झालेले व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचे, असा हा निर्णय आहे.

त्याआधी अशा व्यवहारांना बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली गेली आणि वर्षभरात तीही गेली. ज्यांची नावे सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात अडकली होती, त्यांना कब्जेदार म्हणून मुख्य रकान्यात येता येणार आहे. नोटरीच्या कागदावर झालेल्या व्यवहारांना मात्र मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागेल.

बुलढाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या शहरांच्या कडेला वीस-तीस वर्षांपूर्वी गुंठ्यावर प्लॉट घेऊन घर बांधलेल्यांना याचा खरा दिलासा आहे. शिवारातल्या गटातून आज पाच गुंठे तोडून घेणाऱ्याला नाही. शिवाय १५ ऑक्टोबर २०२४ नंतरचा व्यवहार या सवलतीत बसत नाही, ही तारीख फिरणाऱ्या संदेशांतून हमखास गळते.

वीस गुंठे आले कुठून?

मूळ कायदा १९४७ चा आहे. धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि त्यांचे एकत्रीकरण करणारा, म्हणून ‘तुकडेबंदी-तुकडेजोड’. तो झाला तेव्हा बुलढाणा मुंबई प्रांतात नव्हता, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर हा कायदा इकडे लागू झाला. सातबारावर दिसणारे ‘गट नंबर’ ही त्याच कायद्याखालच्या एकत्रीकरण योजनेची देणगी.

कायद्यामागची भीती खरी होती. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मॅन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केला. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारण ४० एकरांच्या आसपास होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. (आज त्याच पिंपळे सौदागरात शेत शोधावे लागते. तिथे इमारती उभ्या आहेत.) राज्यातले अलीकडचे आकडेही तेच सांगतात. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर उरले. म्हणजे कायदा असतानाही जमीन तुटतच गेली. कागदावर एक गट आणि प्रत्यक्षात चार धुरे, हे चित्र बहुतेक गावांत दिसते.

कायद्यात ‘प्रमाणभूत क्षेत्र’ अशी संज्ञा आहे. त्याहून लहान ते ‘तुकडा’. पूर्वी हे क्षेत्र ठिकठिकाणी वेगळे होते. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बुलढाण्यासह बहुतेक जिल्ह्यांसाठी ते एकसारखे केले : जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. सातबारावर मात्र हेक्टर-आर लिहिलेले असते आणि व्यवहारात एक आर म्हणजे एक गुंठाच धरतात. म्हणजे ‘०.२०’ दिसले की वीस गुंठे.

दीड एकर आणि चार वारस

नियम उदाहरणाशिवाय कळत नाही. मेहकर किंवा चिखली तालुक्यातले एक कुटुंब धरू. वडिलांच्या नावे दीड एकर, म्हणजे ६० गुंठे जिरायत वावर. वडील वारले. वारस चार : दोन मुलगे, एक मुलगी आणि आई.

पहिली पायरी वारस नोंद. ती करायला तुकडेबंदी आड येत नाही. चारही नावे सातबारावर चढतात, क्षेत्र सामाईक राहते. वारसाहक्क प्रमाणभूत क्षेत्र पाहत नाही. पाव गुंठ्याचाही हिस्सा वारशाने मिळू शकतो.

दुसरी पायरी वाटणी. इथे कायदा आडवा येतो. ६० भागिले ४ म्हणजे प्रत्येकी १५ गुंठे, जिरायतीच्या २० गुंठ्यांहून कमी. असे चार पोटहिस्से करता येत नाहीत. कायद्याचे कलम ८-अअ सांगते की वाटणी तुकडा पडणार नाही अशाच रीतीने करायची आणि ज्याच्या वाट्याला त्यामुळे जमीन येत नाही त्याला पैशांत मोबदला द्यायचा. म्हणजे या कुटुंबापुढे मार्ग असे : वीस-वीस गुंठ्यांचे तीन हिस्से करून चौथ्याला रक्कम देणे, तीस-तीस गुंठ्यांचे दोन हिस्से करून प्रत्येकात दोघांची नावे सामाईक ठेवणे किंवा वाटणीच न करता कसण्यापुरती आपसांत सोय लावणे.

आता त्याच वावराला पाणी आहे असे धरा. पेनटाकळी किंवा खडकपूर्णाच्या लाभक्षेत्रातले किंवा बारमाही विहिरीचे. बागायतीची अट १० गुंठ्यांची, त्यामुळे १५ गुंठ्यांचे चारही हिस्से बसतात. पण ‘आमच्याकडे विहीर आहे’ एवढ्यावर भागत नाही. सातबारावर सिंचनाचे साधन आणि बागायती पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणीत विहिरीच्या पाण्यावरचा गहू किंवा भाजीपाला कोरडवाहू म्हणून नोंदवणारे शेतकरी थोडे नाहीत. वाटणीच्या वेळी हाच आळस महागात पडतो.

वाटणीचा घाट का घातला जातो, हेही पाहायला हवे. सामाईक खात्यात पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, दर वेळी इतर खातेदारांचे संमतीपत्र जोडावे लागते. एक भाऊ पुण्याला, बहीण जळगावला आणि दुसरा भाऊ बोलत नाही, अशा स्थितीत कसणाऱ्याच्या हातात पैसे वेळेवर येत नाहीत. वेगळा सातबारा ही त्याची निकड असते, हौस नव्हे. कायदा जमिनीचा विचार करतो, या माणसाचा फारसा करत नाही.

सगळे सहधारक राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी होते. नोंदणीकृत वाटणीपत्राचा मार्गही आता स्वस्त झाला आहे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला १०० रुपये मुद्रांक शुल्क असते. त्यावरची १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपयांची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. एकही जण अडून बसला तर दिवाणी न्यायालय. तिथे हुकूमनामा झाला तरी प्रत्यक्ष सरसनिरस वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच होते आणि तिथेही तुकडा पाडता येत नाही.

बहिणीच्या हिश्श्याबद्दल गावात अजून गैरसमज आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. वीस गुंठ्यांचे गणित जुळवण्यासाठी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत आहे. ती स्वखुशीने देत असेल तर ते कायदेशीर आहे. पण गणित जुळत नाही तेव्हा माघार तिनेच घ्यायची, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. मोबदल्याची तरतूद तिलाही तितकीच लागू आहे.

दुसऱ्या घरासाठी वावर तोडावे लागते का?

नाही. जमीन महसूल संहितेत ‘शेतघर’ याची व्याख्या आहे. अवजारे, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची जागा, गुरांचा गोठा आणि त्याबरोबरच धारकाच्या कुटुंबीयांचे, सालगड्याचे किंवा कुळाचे राहते घर हे सगळे त्यात येते. कलम ४१ प्रमाणे शेतजमीन धारकाला आपल्या शेतात शेतघर बांधण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी जमीन अकृषिक, म्हणजे ‘एनए’ करावी लागत नाही. सामाईक सातबारा असला तरी घर उभे राहू शकते. हवी असते ती सहधारकांची संमती. ती लेखी असलेली बरी.

ठरावीक भागांत मात्र, उदाहरणार्थ नगरपालिकांच्या हद्दीत किंवा प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, आधी परवानगी घ्यावी लागते आणि तिथे कलम ४१ च्या मर्यादा लागू होतात. धारण ०.४० हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एका एकरापेक्षा कमी असेल तर परवानगी नाही. ०.४० ते ०.६० हेक्टर असेल तर जोते १५० चौरस मीटरपर्यंत. त्याहून मोठ्या क्षेत्रात एकूण क्षेत्राचा चाळिसावा हिस्सा, पण ४०० चौरस मीटरच्या वर नाही. राहण्याच्या भागाला १५० चौरस मीटरची मर्यादा आणि बांधकाम तळमजल्यापुरतेच.

आता हा नियम वरच्या कुटुंबाला लावून पाहा. त्यांचे ६० गुंठे एकत्र असतील तर क्षेत्र ०.६० हेक्टरच्या आसपास. १५० चौरस मीटर जोत्यात, म्हणजे १,६०० चौरस फुटांत, ८०० फुटांची दोन घरे बसतात. त्यांनी वीस-वीस गुंठ्यांचे तीन हिस्से केले की प्रत्येक हिस्सा ०.२० हेक्टर होतो, ०.४० च्या निम्मा. परवानगी लागणाऱ्या भागात मग एकालाही शेतघर मिळत नाही. घरासाठी वाटणी केली आणि वाटणीने घर घालवले, असा हा प्रकार. म्हणून दुसरे घर हीच खरी गरज असेल तर आधी घराचा अर्ज आणि मग वाटणीचा विचार, हा क्रम जास्त सुरक्षित ठरतो.

शेतघराची मेखही लक्षात घ्यायला हवी. ते शेतीला जोडलेले असते. ते भाड्याने देणे, तिथे ढाबा किंवा मंगल कार्यालय थाटणे हा अकृषिक वापर झाला आणि विनापरवानगी असेल तर संहितेच्या कलम ४५ खाली दंड होतो. घराखालची दोन गुंठे तोडून विकता येत नाहीत. शेतात बांधलेल्या घराची ग्रामपंचायतीने ‘नमुना ८’ ला नोंद घेतली, घरपट्टी लावली, तरी त्यामुळे त्या जागेची मालकी सिद्ध होत नाही. ती कर आकारणीची नोंद आहे. बँका गृहकर्ज देताना गावठाणातली किंवा अकृषिक जागा पाहतात, त्यामुळे शेतघराला कर्ज मिळवताना दमछाक होते.

गावठाण, २०० मीटर आणि घरकुल

गावाला लागून ज्यांचे वावर आहे त्यांची स्थिती बरी आहे. संहितेत २०१७ मध्ये आलेल्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरल्यावर निवासी वापरासाठी अकृषिक मानली जाते. वेगळ्या एनए परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. एनएची प्रक्रिया शासन वरचेवर सैल करत आहे, त्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणता नियम आणि किती रक्कम लागू आहे हे तहसील कार्यालयात विचारलेले चांगले. बांधकामाच्या बाबतीतही २०२१ पासून ग्रामीण भागात सूट आहे. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि शुल्क ग्रामपंचायतीत भरून काम सुरू करता येते. ३,२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना विभागाकडे जावे लागत नाही.

ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांचे काय? प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण जागा स्वतःची लागते. भूमिहीनाला जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून मदत मिळते. ती ५० हजारांवरून २०२४ मध्ये १ लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. अडचण अशी होती की एवढी छोटी जागा विकणे म्हणजेच तुकडा पाडणे.

१४ मार्च २०२४ च्या नियमांनी ही कोंडी थोडी फोडली. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने चार कारणांसाठी प्रमाणभूत क्षेत्राहून लहान जमीन हस्तांतरित करता येते : विहिरीसाठी ५ गुंठ्यांपर्यंत, शेतरस्त्यासाठी, भूसंपादन किंवा थेट खरेदीनंतर उरलेल्या तुकड्यासाठी आणि ग्रामीण घरकुल लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंत. विहिरीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. मंजुरी एका वर्षासाठी असते, विनंतीवरून पुढे दोन वर्षे वाढते आणि ज्या कारणासाठी जमीन घेतली त्याचा शेरा सातबारावर पडतो. तिसऱ्या कारणाचा बुलढाण्याशी थेट संबंध आहे. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांतून जातो. अशा प्रकल्पाच्या भूसंपादनात गटाचा मधला भाग गेला की कोपऱ्यात चार-सहा गुंठे उरतात आणि ती कसताही येत नाहीत, विकताही येत नाहीत.

या चार कारणांबाहेरचा जुना तुकडा विकायचाच असेल तर कायद्यात एक गिऱ्हाईक ठरलेले आहे : लगतच्या गटाचा मालक. त्याच्या जमिनीत तो मिसळला की तुकडा उरत नाही.

‘फार्महाऊस प्लॉट’ घेण्याआधी

महामार्गाची चर्चा सुरू झाली की एकराची भाषा गुंठ्यावर येते. शिवारातल्या गटाचे कच्चे आखीव-रेखीव प्लॉट पाडून दोन-पाच गुंठे विकले जातात. खरेदीदाराला बहुधा नोटरीचा कागद, मुखत्यारपत्र किंवा दहा-वीस जणांच्या नावे सामाईक खरेदीखत मिळते. पहिल्या दोन्हींनी मालकी येत नाही. तिसऱ्यात मालकी येते ती गटातल्या अविभक्त हिश्श्याची. ‘हा कोपरा माझा’ असे त्यातून सिद्ध होत नाही आणि पुढे वाटणी मागितली तर वीस गुंठ्यांची अट उभीच असते.

दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला म्हणजे व्यवहार पक्का झाला, हाही भ्रम आहे. नोंदणी विभागाच्या १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने असे दस्त नोंदवायला मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते रद्द केले. पण त्या निकालाने तुकडेबंदी कायदा रद्द झाला नाही. दस्त नोंदवला जातो आणि फेरफार नामंजूर होतो, असे मग घडते. विदर्भात आणखी एक अडसर आहे : विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ८९. त्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नोकरदार खरेदीदार इथे हमखास अडकतो.

त्यामुळे पैसे देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. गटाचा ताजा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, त्यातला ‘इतर हक्क’ रकाना, गेल्या काही वर्षांचे फेरफार आणि जमीन कोणत्या झोनमध्ये येते याचा दाखला. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे तलाठी, पहिल्या तिन्हींबद्दल सांगू शकतात. झोन दाखला नगररचना कार्यालयातून किंवा शहराच्या हद्दीत असेल तर नगरपालिकेतून मिळतो. प्लॉट विकणारा यातला एक जरी कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर इसार देऊ नये. इसाराची पावती बहुधा साध्या कागदावर असते आणि ती रक्कम परत मिळवायला पुन्हा दिवाणी दावाच लावावा लागतो.